बाद चित्रं

९ फेब्रुवारी

ताई,

“ह्या पोरी नाहीत गं घाई, बाया आहेत ह्या. डोळे बघ त्यांचे.”

एकोणीस वर्षांपूर्वी तू हे म्हणालीस, प्रयोगशाळेच्या खिडकीलगतच्या टेबलाशी बसून, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला, मान वर न करता. मी दारात उभी होते. हातात लांबीच्या आकड्यांचा तक्ता होता आणि पोटात भूक. मी म्हणाले, “तू चित्रं काढ ताई, बाया-पोरींचं मी बघते.” तू पेन्सिलीला टोक करायला घेतलंस.

काल सकाळी तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि ऐकायला खोलीत कुणी नव्हतं.

आई गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आपण बोललेलो नाही. त्याआधीची आठ वर्षं जे बोललो ते औषधांच्या वेळा आणि कुलपाच्या किल्ल्या एवढंच. त्यामुळे पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. कामासाठी लिहिते आहे, हे आधीच सांगते. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला चार वेळा फोन केला होता.

काल आपल्या संशोधन केंद्राच्या बोटवाल्या काकांनी बादली आणून जेट्टीवर ठेवली आणि म्हणाले, “घ्या मॅडम, यंदा पाळणाघरच आलंय जाळ्यात.” बादलीत क्रिल होती, कोळंबीसारखी पण पारदर्शक, करंगळीच्या पेराहून लहान. केंद्रात सगळ्यांना आनंद झाला. एवढी पिल्लं म्हणजे खाडीतली क्रिल सुखात आहे. मलाही दोन मिनिटं आनंद झाला. मग मी जेट्टीवरून खाली पाण्यात बघितलं तर तळातले दगड मोजता येत होते.

हे पाणी असं कधी होतं, ते तू विसरली नसशील. ह्या दिवसांत वारा किनाऱ्याच्या कडेकडेनं वाहायला हवा. तो वरचं पाणी बाहेर ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं, त्यातून शेवाळ धरतं, पाणी हिरवं गढूळ होतं, आणि क्रिल पोटभर खाते. यंदा वारा आलाच नाही. पाणी कोमट आणि काचेसारखं स्वच्छ आहे. लोक फोटो काढायला येतात. क्रिलच्या दृष्टीनं ते रिकामं ताट आहे. रिकाम्या ताटावर एवढी बाळंतपणं कुठून झाली?

मी एक क्रिल काचपट्टीवर घेतली आणि पहिल्यांदा डोळा बघितला. तू बघायचीस तसा.

तर काम असं. तुझ्याकडे तेव्हाची एकशे त्रेपन्न चित्रं असतील. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात तू पेन्सिलीनं ‘बा’ लिहिलेलं आहेस. आपल्या नोंदवहीत खराब नमुन्यापुढे ‘बा’ लिहायची पद्धत होती, म्हणजे बाद, आणि ताब्यात आलेल्यापुढे ‘पो’, म्हणजे पोच. मी तुझी अक्षरं तशीच वाचली. ‘पो’वाली एकसष्ट चित्रं मोजायला घेतली, ‘बा’वाली वगळली. तू बाई आणि पोर असं लिहिलं होतंस. घाईत असं होतं कधीकधी.

ती चित्रं मला हवी आहेत. टपालखर्च मी देईन.

तुझी,
घाई

२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. “पत्र मिळालं. चित्रांचं आठवत नाही. दुकानात सध्या गर्दी असते. तब्येतीला जप.”

चार वाक्यं. त्यातलं दुसरं खोटं आहे. चौथीच्या संमेलनात मी कुठली ओळ विसरले होते हे ज्या बाईला पन्नाशीतही आठवतं, तिनं “आठवत नाही” लिहावं! आई असती तर म्हणाली असती, “एक ताई, एक घाई, आणि दोघींच्या नाकावर माशी बसत नाही.”

टपालखर्चाचं मी लिहायला नको होतं. ते वाक्य टाकल्यावर मलाच चपराक बसल्यासारखं झालं, पण पाकीट पेटीत पडलं होतं.

आता नीट सांगते, कशासाठी हवी आहेत ते.

दोन मोठ्या बोटींना खाडीच्या आतल्या भागात क्रिल धरायचा परवाना हवा आहे. माशांच्या शेतीला खाद्य लागतं. परवाना समिती २६ एप्रिलला बसणार आहे, आणि बोटवाल्यांच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडलाय माझा एकोणीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध. माझा म्हणजे माझा आणि आपल्या तेव्हाच्या प्रमुख सरांचा. त्यात आम्ही लिहिलं होतं की वारा पडलेल्या, पाणी तापलेल्या वर्षीसुद्धा ह्या खाडीतल्या क्रिलला भरपूर पिल्लं होतात, म्हणजे ती बदलत्या पाण्याशी छान जुळवून घेते. अर्जात ते वाक्य ठळक केलंय.

त्यानंतरची तीन वर्षं आतलं जाळं रिकामं आलं, ते कुणी ठळक केलेलं नाही. आम्ही तेव्हा म्हणालो, क्रिल बाहेरच्या समुद्रात गेली असेल. गेली कुठे असणार? त्या वर्षी हंगामभर सगळ्यांनी हात धुऊन घेतले होते.

मी चाळीस क्रिल बाटल्यांत ठेवल्या आहेत, थंड खोलीत, एका बाटलीत एक. निम्म्यांना खायला घालते, निम्म्या उपाशी. क्रिल आठवड्या-दीड आठवड्यानं कात टाकते. खाणारी कात टाकून मोठी होते. उपाशी असलेली कात टाकून लहान होते. खरंच, ताई. जुनं कवच सोडते आणि आधीपेक्षा लहान अंगानं बाहेर येते. बाईपणाच्या खुणाही पुसट होतात. लांबीच्या पट्टीवर ठेवलीस तर पोरच वाटेल. फक्त डोळे तेवढेच राहतात. डोळे लहान होत नाहीत.

जुळवून घेणं म्हणतात ते हेच आहे. खाडीच्या तोंडावरच्या खडकाच्या पलीकडची, उघड्या समुद्रातली क्रिल वाईट दिवसांत खाली गार पाण्यात उतरून बसते. आतलीला लगेच तळ लागतो. तिला खाली जागा नाही, म्हणून ती स्वतःलाच आवरते. आणि नेमकी तेव्हा, ती एवढीशी होऊन तग धरून असते तेव्हा, आपण म्हणतो की पिल्लं भरपूर आहेत, टाका जाळं. आपण उद्याच्या आयाच उचलतो.

सतरा नंबरच्या बाटलीतली आली तेव्हा एकोणीस मिलिमीटर होती. काल दुसरी कात टाकली. आता अठरा. काच टिचकीनं वाजवली की वळून बघते, म्हणजे मला तसं वाटतं.

सरांना फोन केला. आता ते घरी असतात, गुडघे गेलेत. म्हणाले, “अगं, जुनी मढी कशाला उकरतेस? जूनमध्ये केंद्रप्रमुखाची जागा रिकामी होते आहे. सगळे तुझंच नाव घेतायत. गप बस की चार महिने.”

मी म्हणाले, “सर, परवाना एप्रिलमध्ये आहे.”

“मग बाटल्यांवर लिही काहीतरी नवीन. जुन्याला कशाला हात लावतेस?”

“नवीन लिहिलं तरी जुनं तसंच उभं राहतं ना सर.”

ते म्हणाले, “तू आधीपासूनच हट्टी. तुझी बहीण बरी होती, गप्प बसायची.”

मी फोन ठेवला. म्हणजे “ठेवते सर” म्हणून ठेवला, आपल्याला आईनं वाढवलंय.

चित्रं पाठव. हवं तर मी येऊन घेऊन जाते.

घाई

१० मार्च

ताई,

ह्या वेळी कार्डही नाही. ठीक आहे. मी लिहीत राहणार.

परवा समितीपुढे प्राथमिक बैठक झाली. लांब टेबल, दोन पंखे, एकाचा आवाज. बोटवाल्यांचा तज्ज्ञ माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. बोलतो गोड. म्हणाला, “मॅडम, बाटलीत काय होतं ते आम्ही मान्य करतो. पण बाटली म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात काय झालं, ते तुम्हीच एकदा मोजून छापलंय. तेव्हाचे नमुने दाखवा, आम्ही अर्ज मागे घेतो.”

नमुने कुठून दाखवू? नवीन इमारतीत आलो तेव्हा जुन्या बरण्या मोरीत ओतल्या. मीच सही केली होती, “कालबाह्य” म्हणून. नमुने टिकवायच्या औषधी पाण्यात जे वाचलं होतं, ते मी सहीनं घालवलं.

राहिली तुझी चित्रं. तू सूक्ष्मदर्शकाला तो तिरका आरसा लावायचीस, ज्यातून एकाच वेळी प्राणी आणि कागदावरचं पेन्सिलीचं टोक दिसतं, आणि त्यातून हुबेहूब मापानं उतरवायचीस, खाली मोजपट्टीची रेघ ओढून. डोळा नेहमी आधी. मी एकदा विचारलं होतं, आधी डोळाच का? तू म्हणालीस, “औषधी पाण्यात तो सगळ्यात आधी पांढरा पडतो. बाकीचं थांबतं, तो थांबत नाही.” त्यामुळे तुझ्या कागदावर त्या वर्षीचे डोळे तेव्हाच्या तेव्हा उतरले आहेत. जगात दुसरीकडे कुठे नाहीत.

माझ्याकडची एकसष्ट मी काढून मोजली. ती पोरंच आहेत, खरीखुरी. तू एकही चुकली नाहीस. म्हणजे उरलेल्या एकशे त्रेपन्न बाया असणार. पण ते मी सांगून चालत नाही.

चूक माझ्या वाचण्याची होती, हे मी समितीला लिहून दिलंय. एका अक्षराचा गैरसमज झाला, असं.

सतरा नंबर साडेसतरावर आली.

घाई

२४ मार्च

ताई,

मागच्या पत्रात “गैरसमज” असं लिहिलं आणि दोन आठवडे ते माझ्या दातात अडकून बसलंय. आज सकाळी लवकर केंद्रात आले, दार लावून घेतलं, आणि आता लिहून टाकते. तुला ह्यातलं बरंच माहीत आहे. मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

छपाईच्या आधी तू मला सांगितलं होतंस. बोळात, हात धुवायच्या नळापाशी. बोटांवरची शाई चोळत तू म्हणालीस, “घाई, ते ‘बा’ म्हणजे बाद नव्हे हं. तू एकसष्टच मोजलीस असं तक्त्यावरून दिसतंय. बाई म्हणून लिहिलंय मी.” मी म्हणाले, “आता उशीर झाला, छापायला गेलं.”

गेलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत माझ्या खणात होतं.

त्या चार दिवसांत मी सगळं पुन्हा मोजू शकले असते. मोजलं असतं तर निबंधाचा निष्कर्ष उलटा झाला असता, आणि कायम नोकरीसाठीची माझी मुलाखत महिन्यावर आली होती. एवढंच कारण. मोठं काही नव्हतं.

छापायच्या सहा चित्रांना तू शाई केली होतीस, पारदर्शक कागदावर. त्यातली दोन तू ‘बा’मधून घेतली होतीस. मुद्दाम. निदान दोन बाया तरी लोकांना दिसाव्यात म्हणून, हो ना? मला ते लगेच कळलं. मी अर्धं ब्लेड घेतलं आणि दोन्ही चित्रांतले डोळे कडेनं खरवडून लहान केले. त्या कागदावरची शाई सालीसारखी निघते. पाच मिनिटं लागली. मग फुंकर मारून भुगा उडवला.

छापलेला अंक आला तेव्हा तू तो खिडकीपाशी नेऊन बघितलास. मग सरांच्या खोलीत आलीस. मीही तिथे होते. तू एवढंच विचारलंस, “हे डोळे कुणी काढले?”

आणि मी सरांकडे बघून म्हणाले, “ताईची नजर हल्ली जरा कमी झालीय सर. मोठं दिसतं तिला.”

सर म्हणाले, “अरेरे. मग दुसरी चित्रकार बघायला हवी.”

तू शाईच्या बाटलीला झाकण लावलंस. टाक धुतलास, पुसलास, डबीत ठेवलास. मी तुझ्या हातात तो गठ्ठा दिला आणि म्हणाले, “ही बाद चित्रं घेऊन जा, कपाटात जागा अडते.” तोपर्यंत मला ‘बा’ म्हणजे काय ते माहीत होतं, आणि तरी मी तोच शब्द वापरला.

मावशी सांगते, तू चष्म्याच्या दुकानात काचा बसवतेस, नंबर तपासतेस, लांबून लांबून लोक तुझ्याकडेच येतात. जिची नजर मी अधू ठरवली तिच्यासमोर अख्खं शहर हनुवटी टेकून बसतं. मावशीला वाटलं मला कौतुक वाटेल. मी फोनवर नुसतं “हो का” म्हणाले.

आईच्या शेवटच्या महिन्यात मी दोनदाच आले. तेव्हाही बोटीचं कारण सांगितलं होतं. बोट दुरुस्तीला होती, ताई. मला तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकायचा मला हक्क नाही. मी समितीला दुसरं पत्र पाठवलंय. त्यात “गैरसमज” खोडलाय. ब्लेडचं लिहिलंय, नळापाशी तू सांगितलेलं लिहिलंय. सरांना आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते आहेस.” मी म्हणाले, “पाय माझाच आहे सर.” मग त्यांनी विचारलं, “म्हणजे तिची नजर चांगली होती?” मी हो म्हणाले. मग ते म्हणाले, “मला पंचवीस वर्षांत तिच्यासारखी चित्रकार मिळाली नाही.” हे तुला सांगावं की नाही ते कळत नव्हतं. सांगितलं.

चित्रं द्यायची नसतील तर नको देऊस. मी त्यांच्याशिवाय लढेन.

घाई

११ एप्रिल

ताई,

पार्सल मिळालं.

चष्मे पुसायच्या पिवळ्या कापडात गुंडाळलेला गठ्ठा, कडांना एक सुरकुती नाही. एकोणीस वर्षं तू ते सपाट ठेवलेस, कुठल्या तरी गादीखाली किंवा कपाटाच्या तळाशी. आणि वर चिठ्ठी: “माझं नाव कुठेही यायला नको. मोजून झालं की परत पाठव.”

चार दिवस मोजत होते. ह्या वेळी घाई केली नाही. प्रत्येक चित्र दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा उलट्या क्रमानं, आणि पहिले आकडे झाकून ठेवून. मग आमच्या केंद्रातल्या नव्या मुलीला काहीही न सांगता तिच्याकडून मोजून घेतलं. ती शंभराव्या कागदाशी मान मोडत म्हणाली, “मॅडम, ह्या चित्रकार बाई कोण? ह्यांना प्रत्येक क्रिलची ओळख होती की काय?” मी म्हणाले, “होती.” नाव सांगितलं नाही. तुझा शब्द पाळला.

एकशे त्रेपन्नच्या एकशे त्रेपन्न. अंग पोरीचं, डोळा बाईचा. बाटलीतल्या उपाशी क्रिलशी तंतोतंत जुळतंय. त्या वर्षी जाळ्यात आलेल्या लहानांतल्या दर दहात सात आया होत्या.

तू हे तेव्हाच शोधलं होतंस, ताई. मी आता फक्त बेरीज केली.

गठ्ठ्यात एकशे चौपन्नावा कागद आहे. तू मुद्दाम घातलास की चुकून आला, ते विचारत नाही. आई कुशीवर झोपली आहे, गुडघे पोटाशी घेऊन, उशी तिच्यापेक्षा मोठी दिसते. डोळे उघडे आहेत. डोळे आधी काढलेत, हे रेघेवरून ओळखू येतं, बाकीची आई नंतर त्यांच्याभोवती आली आहे. खाली सवयीनं मोजपट्टीची रेघ. आणि कोपऱ्यात ‘पो’. पोर.

त्या सगळ्या गठ्ठ्यात तू एकच अक्षर मापाविरुद्ध लिहिलंस. मी खूप वेळ तो कागद हातात धरून बसले. शेवटच्या दिवसांत तिला भरवणारी, न्हाऊ घालणारी, कूस बदलून देणारी तू होतीस. ते अक्षर लिहायचा हक्क तुलाच होता.

तो कागद मी मोजला नाही. वेगळ्या पाकिटात घालून ठेवलाय. सगळ्यांबरोबर परत येईल.

घाई

१८ एप्रिल

ताई,

एक अडचण आली आहे. तुला ती वाचून हसू येईल. मला तरी आलं, जिन्यात, एकटीच.

समितीच्या चिटणीस बाईंनी बोलावलं होतं. साठीच्या आहेत, चष्मा साखळीला अडकवलेला, प्रत्येक कागद दोन बोटांत धरून बघतात. त्यांनी तुझी चित्रं एक एक करून पाहिली. आकडे पाहिले. म्हणाल्या, “मोजमाप पटलं मला. पण बाई, कोपऱ्यात हे ‘बा’ लिहिलंय त्याचं काय?”

मी म्हणाले, “बा म्हणजे बाई. मादी, पूर्ण वाढलेली.”

त्यांनी माझा जुना निबंध उघडला, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: “एकशे त्रेपन्न चित्रे बाद ठरवून वगळली आहेत.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हेही तुमचंच. एकदा तुम्ही म्हणता बाद, आता म्हणता बाई. समोरचा वकील विचारणार, चित्रं खराब होती म्हणूनच चित्रकारानं बाद लिहिलं नसेल कशावरून? मग तुमचे सगळे आकडे खराब चित्रांवरचे.”

मी म्हणाले, “मी सगळं कबूल केलंय, ब्लेडसकट.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “ज्या हातानं ब्लेड चालवलं त्याच्या शब्दावर मी किती टेकू? ज्या हातानं अक्षर काढलं तो हात आणा.”

त्यांचं चूक आहे असं म्हणायला माझ्याकडे तोंड नाही.

म्हणून हे पत्र. तू लिहिलं होतंस, नाव कुठेही यायला नको. मी ते पाळलं असतं. निबंधाच्या दुरुस्तीत मी तुझ्या नावाची जागा कोरी सोडली आहे, पहिली जागा, माझ्या आधीची. तू नको म्हणालीस तर कोरीच छापतील. पण समितीपुढे कोरी जागा बोलू शकत नाही.

केंद्रप्रमुखाच्या जागेसाठी आता दुसऱ्याचं नाव चालू आहे. सरांनीच फोन करून सांगितलं, वाईट वाटून. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागलं. सूक्ष्मदर्शक तर कुणी काढून घेत नाही. खिडकीलगतचं टेबलही तिथेच आहे. त्यावर मी दुसरं काही ठेवलेलं नाही.

परवा पहाटे वारा फिरला. बोटवाले काका म्हणाले, “मॅडम, पाणी गढूळ व्हायला लागलं.” इतक्या आनंदानं गढूळ पाण्याबद्दल बोलणारी माणसं आपल्याच धंद्यात असतील. मी बादलीभर आणलं आणि उपाशी बाटल्यांत थोडं थोडं ओतलं. सतरा नंबर सोळावर आली होती, पोहायचीही बंद झाली होती, तळाशी नुसती पाय हलवत होती. आज सकाळी तिच्या पोटात हिरवी रेघ दिसली. खाल्लंय तिनं. आता कात टाकेल तेव्हा मोठी होऊन बाहेर येईल, असा माझा अंदाज आहे. समुद्रातल्याही होतील, पुढचे दोन-तीन महिने त्यांना कुणी उचललं नाही तर.

सव्वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडे. तुला माझ्याशेजारी बसावं लागणार नाही, साक्षीदाराची खुर्ची वेगळी असते. माझ्याशी बोलावंही लागणार नाही. फक्त तो कागद हातात घेऊन एवढंच सांगायचं, बा म्हणजे बाई. समोरचा वकील विचारेल, तुमची नजर तेव्हा ठीक होती का? तेव्हा तू उत्तर देण्याआधी मी उभी राहीन आणि सांगेन की ते खोटं मी बोलले होते, सरांच्या खोलीत, तुझ्यादेखत. सरही येणार आहेत, गुडघ्यांसकट.

दुकानाला त्या दिवशी सुट्टी नसते, ते मी मावशीकडून काढून घेतलंय. एकोणीस वर्षांपूर्वी नळापाशी तू मला सांगायला आलीस आणि मी ऐकलं नाही. आता मी तुला बोलावते आहे आणि तू येणार नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. चित्रं परत पाठवलेली नाहीत, ती तुझ्या हातात तिथेच द्यायची ठेवली आहेत, हा सरळसरळ लबाडपणा आहे, तुला कळेलच.

नाही म्हणशील. तरी विचारते.

येशील, ताई?

घाई